गोचीड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (काजूबागेत जाणाऱ्यांसाठी, कुत्रा पाळणाऱ्यांसाठी आणि न्यू जर्सीतल्या नातेवाइकांसाठी)

आमचं घर सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, मागे काजूची बाग, बाजूला गोठा. जानेवारी लागला की फोनवर तेच तेच प्रश्न चालू होतात. मुंबईची मावशी विचारते, पुण्यात कुत्रा पाळलेला भाचा विचारतो, न्यू जर्सीतली चुलतबहीण तर मध्यरात्री मांडीचा फोटो पाठवते, "दादा, ही तीच काय रे?" म्हणून एकदाच बसून सगळं लिहून ठेवलंय. मी डॉक्टर नाही, बागायतदार आहे, पण २०१६ मध्ये आमच्या तालुक्यात गोचिडीतून पसरणारा माकडताप आला तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत आणि ज्याला त्याला विचारत आलोय.

गोचीड म्हणजे किडाच ना?

नाही. कोळी, विंचू यांच्या खानदानातली आहे. मोठीला आठ पाय असतात, मात्र अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू सहा पायांचं असतं आणि इतकं बारीक की अंगावर तीळ आहे की घाण आहे हे कळत नाही. अंडं, पिल्लू, मग अर्धवट वाढलेली (हिला निम्फ म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे) आणि मग पूर्ण वाढलेली, अशा चार पायऱ्या. रानातल्या बहुतेक गोचिड्या एका पायरीला एकदाच जेवतात. म्हणजे अख्ख्या आयुष्यात तीन जेवणं. शेवटचं जेवण झालं की मादी खाली पडते, हजारो अंडी घालते आणि मरते.

मग मधल्या काळात न खाता जगते कशी?

हा माझा आवडता प्रश्न, कारण सगळी मेख इथेच आहे. गोचीड जगते ती काही न करता. शिकारीच्या मागे धावत नाही, शरीराचा कारभार इतका मंद ठेवते की श्वाससुद्धा तासातून मोजके वेळाच घेते, आणि एका जेवणावर महिनोन्‌महिने काढते. मऊ पाठीच्या गोचिड्यांची एक वेगळी जात आहे, त्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने आफ्रिकेतून आलेल्या अशा गोचिड्या १९७६ पासून लॅबमध्ये सांभाळल्या, त्यातल्या काही २७ वर्षं जगल्या आणि मधली ८ वर्षं त्यांना खायलाच दिलं नव्हतं. आपल्याला एकादशीला दुपारी चारपर्यंत निभत नाही.

पण भूक सोसणारी ही बया तहान मात्र सोसू शकत नाही. अंग सुकलं की संपली. म्हणून ती पातेऱ्यात राहते, म्हणजे झाडाखालच्या कुजत्या पानांच्या थरात, जिथे वरून कितीही ऊन असलं तरी खाली दमट असतं. तिथून ती चढून गवताच्या पात्याच्या टोकावर येते, वाट बघते, सुकायला लागली की परत खाली उतरते आणि पाणी पिते. पिते म्हणजे हवेतून ओढते. तोंडावर खारट लाळ सोडते, त्या लाळेत हवेतली वाफ मुरते आणि मग तीच लाळ परत गिळते. मिठाच्या बरणीचं झाकण पावसात उघडं राहिलं की मीठ कसं पाझरतं, तसलाच प्रकार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून आमच्या परड्यातला पातेरा बघून आलो.

ती झाडावरून अंगावर उडी मारते का?

ना उडी मारता येते, ना उडता येतं. ती गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाला मागच्या पायांनी धरून बसते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून ठेवते. त्या पुढच्या पायांच्या टोकाशी तिचं नाक आहे म्हणा ना, आपला उच्छ्वास, घाम, अंगाची ऊब सगळं त्यातून कळतं. तुम्ही घासून गेलात की पकडलं. मानेवर सापडली की लोकांना वाटतं वरून पडली, प्रत्यक्षात पायावरून चालत चालत तिथपर्यंत गेलेली असते. वाटेत आवडीच्या जागा म्हणजे गुडघ्याच्या मागे, जांघ, कंबरेचं इलॅस्टिक, काख, कानामागे, केसांत.

(एक अपवाद आहे, हायलोमा नावाची जात. लांब पट्टेरी पायांची, ती चक्क जनावर दिसलं की त्याच्या दिशेने पळत येते. तिच्याबद्दल खाली काँगो तापात.)

चावली तर कळत नाही का?

नाही, तोच तर घोळ आहे. डास चावला की आपण थप्पड मारतो, जळू लागली तर रक्त दिसतं. गोचिडीच्या लाळेत बधिर करणारे, रक्त गोठू न देणारे आणि सूज दाबणारे घटक असतात. तिची सोंड करवतीसारखी उलट्या काट्यांची, वरून बऱ्याच जाती एक प्रकारचं सिमेंट सोडून तोंड पक्कं चिकटवतात. मग तीन-चार दिवस, मोठी असेल तर आठवडाभर, निवांत. आणि रक्तातलं जास्तीचं पाणी ती पोटात ठेवत नाही, लाळेतून परत आपल्याच अंगात सोडते, म्हणजे सार घट्ट करून पिते. रोगाचे जंतू अंगात शिरतात ते याच परत आलेल्या लाळेतून. एखादा माणूस गोचिडीसारखा चिकटलाय असं आपण म्हणतो ना, तो तरी निदान काही परत टोचत नाही.

माकडताप म्हणजे नेमकं काय?

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने आजारी पडायला लागली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं (आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही) तिथे गेली, आधी शंका आली पीतज्वराची, मग निघाला वेगळाच नवा विषाणू. त्या जंगलाचंच नाव आजाराला पडलं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, कागदोपत्री केएफडी. बरीच वर्षं तो कर्नाटकातच होता, नंतर केरळात वायनाड, तामिळनाडूत निलगिरी, २०१५ ला गोव्यात सत्तरी, २०१६ ला आमचं दोडामार्ग आणि नंतर सावंतवाडी तालुक्यात बांदा भाग. नकाशावर बोट फिरवलंत तर सह्याद्री धरून सरळ रेघ दिसेल.

विषाणू पसरवणारी मुख्य गोचीड रानातली, हिमाफायसॅलिस नावाच्या गटातली. पाऊस सरल्यावर हिची पिल्लं निघतात, नोव्हेंबर ते मे निम्फचा हंगाम, आणि माणसाला लागते ती बहुतेक करून हीच निम्फ. आता आमचं कामाचं कॅलेंडर बघा. पातेरा गोळा करायचा कधी, डिसेंबरनंतर. भाजवळीसाठी (शेतजमीन भाजण्यासाठी) कवळं, म्हणजे पानांच्या डहाळ्या, तोडायची कधी, त्याच सुमाराला. काजूबिया वेचायच्या कधी, फेब्रुवारी ते मे. बाया वाकून, मांडी घालून, दोन्ही हातांनी पातेरा कवटाळून टोपलीत भरतात आणि ती टोपली डोक्यावर. गोचिडीला याच्यापेक्षा वेगळं घरपोच आमंत्रण काय द्यायचं?

गुरांमुळे माकडताप होतो का? दूध प्यायचं की नाही?

दूध प्या, उकळून, जसं पिता तसं. गुरं या विषाणूचा साठा करत नाहीत. पण गुरांचा वाटा वेगळ्या बाजूने आहे. मोठ्या गोचिड्यांना भरपेट रक्त गुरांवर मिळतं, म्हणजे रानात चरून आलेली गाय आजार आणत नाही पण गोचिड्यांची संख्या वाढवते. विषाणू फिरत राहतो तो उंदीर, चिचुंद्री, माकडं यांच्यात. माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे पेशंटच्या घरी जायला घाबरू नका. आमच्याकडे साथीच्या वर्षी लोकांनी एका घरी जाणं-येणं बंद केलं होतं, त्याची अजून लाज वाटते.

बागेत मेलेलं माकड दिसलं तर?

हात लावायचा नाही, पुरायला जायचं नाही, फोटोसाठी जवळही जायचं नाही. लाल तोंडाचं माकड असो की काळ्या तोंडाचं वानर, दोघंही या विषाणूने मरतात, आणि अंग गार पडलं की त्याच्यावरच्या गोचिड्या उतरून आसपास पसरतात. म्हणजे ती जागा आता गोचिड्यांचं, आणि बहुधा विषाणू असलेल्या गोचिड्यांचं, आगार झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला कळवा, ते नमुना घेऊन पंचनामा करतात, भोवताली मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतात. कुत्रा त्या बाजूला जाऊ देऊ नका.

म्हणजे सीझनमध्ये बाग सोडून घरी बसायचं?

पोट कोण भरणार मग? आम्ही काय करतो ते सांगतो.

फुल पँट, पायमोजे आणि पँटची टोकं पायमोज्यात खोचलेली. विचित्र दिसतं, गावातली पोरं हसली, आता तीच खोचतात. शर्टही पँटमध्ये. कपडे फिक्या रंगाचे, म्हणजे चालणारी गोचीड दिसते. आई साडीच नेसते, मग ती आतून लेगिंग आणि वरून माझा जुना फुल शर्ट. हातापायाला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल, हे साथीच्या गावांत आरोग्य खात्याकडून वाटतात, कर्नाटकात डेपा म्हणून दुसरं देतात. नसेल तर मेडिकलमधलं डीट असलेलं मलम चालतं. घामाने दोन-चार तासांत उतरतं म्हणून जेवणाच्या सुट्टीत परत लावायचं. सुट्टीत थेट पातेऱ्यावर टेकायचं नाही, प्लास्टिकचं खत-बारदान सोबत ठेवा. उघड्यावर आडवं तर अजिबात व्हायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम घरी आल्यावर. आमच्याकडे मागल्या दारी चुलीवर पाणी तापत असतं. आत पाऊल टाकायच्या आधी कपडे तिथेच बादलीत, त्यावर उकळतं पाणी. मग आंघोळ, खसखसून, आणि मग तपासणी. आई दारात बसलेली असते बॅटरी घेऊन, "पयले पाय दाखय, मगे च्या." चाळीस वर्षांचा माणूस मी, पण चहा खरंच मिळत नाही. गुडघ्यामागे, बेंबी, काख, कानामागे, केसांतून बोटं फिरवून. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं, खरखरीत कणी लागली की थांबायचं. एकटे राहत असाल तर आरसा आणि मोबाइलचा कॅमेरा.

कपडे मशीनला लावले की मरत नाही का?

नाही मरत. पाण्याखाली ती दोन-तीन दिवससुद्धा तग धरते. गार पाण्याच्या मशीनमधून बाहेर येते आणि फक्त स्वच्छ होते. तिला मारते ती कोरडी उष्णता किंवा उकळतं पाणी. ड्रायर असेल त्यांनी धुण्याच्या आधीच कोरडे कपडे हाय हीटवर दहा मिनिटं फिरवावेत, ओले कपडे असतील तर जास्त वेळ. बाकीच्यांनी वर सांगितलं तसं उकळतं पाणी. फ्रीझरमध्ये टाकून लगेच मरेल हाही भ्रमच.

अंगाला चिकटलीय. आता?

घाबरू नका पण उशीरही नको. बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवया कोरायचा असतो तो. गोचिडीच्या फुगलेल्या पोटाला नाही तर कातडीला अगदी लागून, तोंडाजवळ पकडा. सरळ वर, सावकाश, एकसारखं ओढा. झटका नाही, पिळायचं नाही. कातडी तंबूसारखी वर येते, तेव्हाही ओढ तशीच ठेवा, दहा-वीस सेकंदांत सुटते. मग साबण-पाणी, वरून अँटिसेप्टिक. चिमटा नसेल तर बोटाला रुमाल किंवा प्लास्टिक गुंडाळून, पण काढाच, चिमटा शोधत संध्याकाळ घालवू नका.

काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. अगरबत्तीचा चटका, काडी, रॉकेल, तेल, चुना, तंबाखू, नेलपॉलिश, यातलं काहीच नाही. माझ्या काकीने माझ्या चुलतभावाच्या पोटरीवर अगरबत्ती टेकवली होती, गोचीड जागेवरच, भावाला मात्र फोड आला आणि त्याचा डाग अजून आहे. चटका लागला की ती घाबरून सोडते असं आपल्याला वाटतं, पण त्या गडबडीत उलट जास्त लाळ आत ओकू शकते. आणि नखावर नख ठेवून उवेसारखी चिरडायची नाही, तिच्यातलं रक्त नखाच्या भेगेतून आत जातं.

तोंड आतच तुटलं तर?

जमलं तर चिमट्याने काढा, नाही तर सोडून द्या, काट्याच्या कुसासारखं ते आपोआप बाहेर पडतं. सुईने उकरून जखम मोठी करू नका.

गोचीड लागली म्हणजे ताप येणारच का?

नाही. बहुतेक गोचिड्यांत काहीच नसतं, मला आयुष्यात शंभर तरी लागल्या असतील. पण पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवायचं. माकडताप साधारण तीन ते आठ दिवसांत सुरू होतो, तो हळूहळू नाही, एकदम. थंडी वाजून सणसणीत ताप, कपाळ फुटेल असं डोकं, कंबर आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की माणूस उठत नाही, उलट्या, डोळे लाल, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. काहींचा ताप उतरतो, आठवडाभर बरं वाटतं आणि मग परत उलटतो, त्या वेळी मान ताठणं, थरथर, बडबड असं मेंदूवर जातं. म्हणून बरं वाटलं म्हणून लगेच बागेत पळू नका. १०० पेशंटमागे तीन ते पाच दगावतात.

खास औषध नाही, पण वेळेवर सलाईन, रक्तस्राव आणि बीपीवर लक्ष यानेच माणसं वाचतात. घरी पॅरासिटामॉलच्या पलीकडे जाऊ नका, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लॅमवाल्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, "मी काजूबागेत जातो, आमच्याकडे माकड मेलं होतं." हे सांगितलं नाही तर प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यूच वाटतो. माझ्या शेजाऱ्याचे चार दिवस एका खासगी दवाखान्यात असेच गेले, कारण त्याने पत्ता शहरातल्या मुलाचा दिला होता. पहिल्या दिवसांत पीसीआर टेस्टमध्ये विषाणू सापडतो, नंतर अँटीबॉडीची टेस्ट करतात.

लस आहे ना?

होती. कर्नाटकात १९९० पासून देत होते, आमच्याकडेही दिली गेली, पण परत परत डोस घेऊनही संरक्षण तोकडं पडतंय हे दिसल्यावर ती थांबली. नवीन लसीवर काम चालू आहे. तोपर्यंत पायमोजे.

काँगो ताप वेगळा का?

पूर्ण वेगळा. तो हायलोमा गोचिडीतून आणि आजारी दिसत नसलेल्या जनावराच्या रक्तातून येतो, आणि माणसाकडून माणसालाही होतो. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये साणंदजवळच्या गावातली एक बाई गेली, पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात प्रशासनाने खबरदारीचा इशारा दिला होता. गुराखी, खाटीक, जनावरांचे डॉक्टर यांनी ग्लोव्ह्ज घालावेत, गुरांच्या गोचिड्या उघड्या हातांनी वेचून चिरडू नयेत. ही सवय गोठ्यागोठ्यात आहे, माझ्या आजोबांना तर तो टाइमपास होता.

आणि स्क्रब टायफस?

तो गोचिडीचा नाही, चिगर नावाच्या त्याहून बारीक माइटचा, म्हणजे गोचिडीच्याच नात्यातल्या जिवाचा. चावल्या जागी सिगरेटचा चटका दिल्यासारखा काळा खपली-डाग पडतो. गोचिडीतून येणारा त्याचा भाऊबंद म्हणजे टिक टायफस, त्यात तळहात-तळपायांवरसुद्धा पुरळ येतं. दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन चांगलं चालतं, पण लवकर मिळालं तर. गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्यावर.

फ्लॅटमध्ये राहतो, कुत्र्याला गोचिड्या झाल्यात, भिंतीवरसुद्धा चढतायत!

भाच्याचा प्रश्न. ही कुत्र्याची तपकिरी गोचीड, हिला जंगल लागतच नाही. तुमच्या स्कर्टिंगच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत, फोटोफ्रेमच्या मागे हिचा अख्खा संसार होतो. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकी सगळ्या घरात. म्हणून नुसतं कुत्र्याला आंघोळ घालून काही होत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून कुत्र्याला चघळायची गोचिडीची गोळी (काही महिनाभर चालतात, काही तीन महिने), कुत्र्याला फिट येत असतील तर ते आधी सांगा. घरात व्हॅक्युम, बॅग लगेच बाहेर, फटी बुजवा, कुत्र्याची गादी गरम पाण्यात, आणि हे दोन-तीन महिने चिकाटीने, कारण अंडी टप्प्याटप्प्याने फुटतात. कुत्रा जेवत नसेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील, तर टिक फीव्हर (गोचिडीतून येणारा कुत्र्यांचा ताप) असू शकतो, थांबू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं कुठलंही औषध आणू नका, मांजर मरतं त्याने.

गोठ्यासाठी काय?

थोडक्यात: अंगावरच्या मारून उपयोग नाही, अंडी गोठ्याच्या भेगांत असतात. भेगा बुजवा, भिंतींना चुना, शेणाचा ढीग गोठ्याला लागून नको, कोंबड्या मोकळ्या सोडा, त्या वेचून खातात. फवारणीचं औषध पशुवैद्यकांनी सांगितलेल्या प्रमाणातच आणि दर वेळी तेच तेच नको, गोचिड्या त्याला सरावतात. औषध मारल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही तेही विचारा. जर्सी-एचएफ या विदेशी जातीच्या गाईंना देशी गाईपेक्षा जास्त त्रास होतो. लघवी लाल झाली किंवा खांद्यापुढची गाठ सुजून ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टर.

दादा, इथे न्यू जर्सीत माकडं नाहीत, मग काय टेन्शन?

बाई गं, तुमच्याकडे हरणं आणि उंदीर आहेत. तिथला आजार लाइम, कनेटिकटमधल्या लाइम गावावरून नाव, १९७५ च्या सुमाराला तिथल्या मुलांचे सांधे सुजायला लागले त्यावरून शोध लागला. तिथली निम्फ खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि मे ते जुलै जोरात. लाइमचा जंतू अंगात जायला साधारण एक दिवसाच्या वर चिकटून राहावी लागते, म्हणून रोज रात्री तपासलंत तर बरंचसं काम झालं. लाल गोल चट्टा दिवसागणिक मोठा होत गेला तर डॉक्टर, मधे पांढरं कडं असलंच पाहिजे असं नाही. चावल्यावर ७२ तासांच्या आत गेलात तर कधीकधी डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात. बूट-पँटला परमेथ्रिनचा स्प्रे मारा, ०.५ टक्केवाला, कपड्यांना, अंगाला नाही, आणि पूर्ण वाळू द्या. हा एक दिवसाचा हिशोब मात्र लाइमपुरताच, विषाणू त्याहून खूप लवकर अंगात जाऊ शकतात, त्यामुळे आमच्याकडे "रात्री बघू" चालत नाही.

कडुनिंब, लसूण, कापूर?

वास छान येतो.

काढलेली गोचीड टाकायची कुठे?

संडासात फ्लश करा, किंवा सॅनिटायझरमध्ये बुडवा. आम्ही पारदर्शक सेलोटेपच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या तारखेला सापडली त्या चौकोनात चिकटवतो आणि कुणाच्या अंगावरची ते बाजूला पेनाने लिहितो. ताप आला तर डॉक्टरांना तारीख सांगता येते, तोंडी विचारलं तर कुणालाच आठवत नाही. पाहुण्यांना जरा किळस येते. गेल्या मार्चच्या पानावर चार होत्या, दोन माझ्या, एक गड्याची, आणि एक आईची, जी तिची तिलाच सापडली नव्हती.